बिनखिळ्याचं स्टूल

बसच्या रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ लाकडी स्टूल घेऊन उभे होते. त्यांच्या पुढच्या आजी मागे वळल्या.

"कुठून घेतलंत?"

"मीच केलंय, आजी. सुतारकामाच्या कार्यशाळेत. एकही खिळा नाही, नुसते सांधे."

"बसू का? पाय भरून आलेत."

"अजून कुणी बसलेलं नाही त्यावर."

"तुम्हीसुद्धा नाही?"

"धीर झाला नाही. बायको म्हणते, कुंडी ठेवू."

"आणि कार्यशाळेतले?"

"ते म्हणतात, पहिल्यांदा सासऱ्यांना बसवा."

"आणा इकडे."

आजी बसल्या.

"काही कुरकुरलं का, आजी?"

"माझे गुडघे. स्टूल गप्प आहे."

"खरंच?"

"खरंच. बस आली बघा, हात द्या."

"पुढच्या बसने जाऊ, आजी. बसून राहा जरा, बायकोला फोटो पाठवतो."