सीमचं नाक आणि लेझरची पेटी

(उत्तर हॉलंडमधलं एक खेडं. उन्हाळा सरत आलाय. ट्यूलिपच्या कंदांनी भरलेल्या कोठारात सीम आणि त्याची लेक अफ्रा.)

अफ्रा : बाबा, तिसरी रांग. पुन्हा तिसरीच.

सीम : तुझ्या पेटीचा जीव जडलेला दिसतोय त्या रांगेवर.

अफ्रा : थट्टा नको. नळीतून हवा आत ओढायची, तिच्यातून लेझरचा किरण सोडायचा. हवेत इथिलीन, म्हणजे कुजक्या कंदातून सुटणारा गॅस, असला की पलीकडे उजेड कमी पोचतो. इतकंच करते ती बिचारी.

सीम : आणि मी सकाळी त्याच रांगेतून दोनदा गेलो. स्वच्छ आहे. अख्ख्या गावाची कोठारं हुंगली या नाकाने. एक कंद आंबला तरी मला दारातून कळतं.

अफ्रा : म्हणून तर विचारतेय. पेटी म्हणते, गॅस हद्दीच्या तिप्पट आहे. तुम्ही म्हणता, काहीच नाही. कुणीतरी चुकतंय.

सीम : ती नवीन आहे. शिकेल हळूहळू.

अफ्रा : मागच्या भिंतीशी ‘ग्रीत’ आहे, बाबा.

सीम : मला सांगतेस? तुझ्या आईचं नाव मी दिलं त्या ट्यूलिपच्या जातीला. एका कंदाची एवढी खोकी व्हायला माझं अर्धं आयुष्य गेलं.

अफ्रा : आणि तेवढीच आहेत. दुसरीकडे कुठे मागायला जाणार? या गॅसने आतली कळी मेली तरी कंद वरून गुबगुबीतच दिसणार. कळेल थेट वसंतात, नुसती पानं आल्यावर. आणि तुम्ही पंखे निम्म्यावर आणून ठेवलेत!

सीम : स्वच्छ हवेला कशाला वारा घालायचा?

अफ्रा : थांबा. या खोक्यात खोल हात घालते... अगं बाई गं! बाबा, इकडे या. डोळे मिटा.

सीम : हे काय पोरखेळ?

अफ्रा : मी लहान असताना तुम्हीच शिकवायचात असं. मिटा. माझी मूठ नाकाशी आहे. सांगा.

सीम : हं... चांगला आहे. ताजा.

अफ्रा : नीट घ्या वास.

सीम : घेतला ना! चांगला आहे म्हणतोय.

अफ्रा : उघडा डोळे.

सीम : (तिच्या मुठीतला कंद घेऊन दाबतो. बोट आत रुततं.)

अफ्रा : आतून पार कुजलाय. मला मळमळतंय इथे. कधीपासून, बाबा?

सीम : हिवाळ्यात तापाने पडलो होतो ना, तेव्हापासून. कॉफी म्हणजे गरम पाणी. तुझं वाटाण्याचं सूप म्हणजे गरम चिखल.

अफ्रा : आणि मी रोज मिठाला दोष देत होते! सांगितलं का नाहीत?

सीम : वाटलं, येईल परत. आणि घाबरलो गं. या गावात सीम म्हणजे नाक. ते गेलं तर मी कोण?

अफ्रा : ‘ग्रीत’ घडवलेला माणूस. ती काय हुंगून घडवलीत? ऐका आता. पंखे पूर्ण सोडते. तिसरी रांग अख्खी बाहेर काढू. आईच्या खोक्यांपाशी आकडा अजून हद्दीच्या खाली आहे. वाचेल ती.

सीम : नक्की?

अफ्रा : नक्की. नळी तिच्याजवळच ठेवते, आकडा तुम्हीच बघा.

सीम : सोड पंखे. आणि मग गाडी काढ.

अफ्रा : आत्ता कुठे?

सीम : शेजारच्या मैंडर्टकडे. काल त्याने त्याचं कोठार हुंगायला बोलावलं होतं. मी म्हटलं, स्वच्छ आहे, पंखे निम्म्यावर आण. त्याने माझ्यादेखत आणले.

अफ्रा : अरे देवा... असू दे. एका दिवसात सगळं हातचं जात नाही. मी एकटीच जाते, बाबा. नवी पेटी आणलीय, सहज मोजून बघते म्हणेन. तुमचं नावही निघणार नाही.

सीम : नको. हवेचं तू बघ. नाकाचं मी सांगतो त्याला.