आईसाहेबांचं विसरलेलं वाक्य

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय अप्पासाहेब, प्रमुख पाहुण्या शिखाजी, आजच्या सत्कारमूर्ती आणि माझ्या सासूबाई सौ. भानुमतीबाई, मंडळाच्या सर्व भगिनी, आणि मागच्या खुर्च्यांवर चहाची वाट पाहत बसलेले आमचे मामंजी मालोजीराव व समस्त बंधुवर्ग, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

एकवीस वर्षं मंडळाचं अध्यक्षपद सांभाळून आईसाहेब आज निरोप घेतायत. त्यांची शिस्त, त्यांचा वक्तशीरपणा, सगळं माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. आणि प्रत्येकानं तोच विनोद केला. 'सगळ्या आरत्या तोंडपाठ, पण टीव्हीतलं एक वाक्य काही पाठ होईना!' सभागृह हसलं. आईसाहेबही हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. का, तेवढंच सांगते.

शिखाजींना माहीत नसेल म्हणून सांगते. दोन वर्षांपूर्वी मुंबईची सिरियलवाली मंडळी आमच्या घरी शूटिंगला आली होती. प्रसंग असा, की विलायतेहून एक झगमगती पाहुणी एका कुटुंबाच्या दारात येते आणि घरातली थोरली बाई तिला बाहेरच अडवते. थोरली बाई म्हणून आईसाहेबांना निवडलं. पैठणी, नथ, सगळा थाट! आपल्या मंडळाची बाई टीव्हीवर दिसणार, म्हणून तुम्ही सगळ्या अंगणात हजर होता. वाक्य फक्त एक होतं. "या घरात तुला जागा नाही."

मंडळी, हे वाक्य मी त्याआधी ऐकलं होतं. त्याच दारात.

माझं माहेर आपल्याच शहरातल्या भंवरकुआं भागातलं, घरात हिंदी. लालबागच्या मेळ्यात मी स्टेजवर अँकरिंग करायची. केस रंगवलेले, चार इंची हील. आईसाहेबांचे चिरंजीव यशवर्धन, त्यांनी मला तिथंच पाहिलं आणि एक दिवस घरी घेऊन आले. आईसाहेबांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, हेच वाक्य म्हटलं आणि दार लावून घेतलं. आम्ही कोर्टात लग्न केलं. आठ महिन्यांनी मामंजी स्वतः येऊन आम्हांला घरी घेऊन गेले. त्यानंतर आईसाहेबांनी मला काही कमी पडू दिलं नाही, खोटं कशाला बोलू? ही मराठीसुद्धा त्यांचीच देणगी. पण त्या दिवसाबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. रोज सकाळी आम्ही दोघी समोरासमोर चहा घ्यायचो आणि माझ्या मनात ते वाक्य टोचत राहायचं. बारा वर्षं.

आता सांगा, त्या दिवशी कॅमेऱ्यामागे उभं राहून माझं काय होत असेल?

पाहुणीचं काम करणाऱ्या पलकजी गाडीतून उतरल्या. काळा चष्मा, रंगवलेले केस, उंच हील. दिग्दर्शक हृषीकेशजी म्हणाले, "ॲक्शन." आईसाहेबांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "या, आत या. उन्हातून आलात." तुम्ही सगळ्या पोट धरून हसलात. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, "बसा, पाणी आणते." तिसऱ्या वेळी तर कहरच. स्वयंपाकघरातून भाकरीचा तुकडा नि तांब्या घेऊन आल्या आणि पलकजींवरून ओवाळून टाकला! घरात येणाऱ्या सुनेवरून ओवाळतात ना, तसा.

हृषीकेशजींनी कपाळाला हात लावला. मग आपल्या मंडळातल्या मंगलाताईंना उभं केलं, त्यांनी एका झटक्यात वाक्य म्हटलं, आणि सिरियलमध्ये त्याच दिसल्या. छान दिसल्या हां, ताई!

पण मी भडकले होते. एका नटीवरून भाकरतुकडा, आणि माझ्या तोंडावर दार? मी तडक स्वयंपाकघरात गेले. आईसाहेब पैठणी सावरून पाटावर बसल्या होत्या. मी म्हटलं, "एक वाक्य पाठ होत नाही तुम्हांला?"

त्या म्हणाल्या, "पाठ आहे गं. बारा वर्षं पाठ आहे. एकदा म्हणून बसले, आता परत तोंडातून निघत नाही. ती पोर गाडीतून उतरली की मला तूच दिसतेस."

मग त्या उठल्या. टोपल्यातली भाकरी मोडली, तांब्या घेतला, मला परसदाराबाहेर उभं केलं आणि माझ्यावरून तुकडा ओवाळून टाकला. म्हणाल्या, "चुकले मी. आता ये आत." बाहेर तुम्ही हसत होता आणि आत आम्ही दोघी रडत होतो.

दोन वर्षं त्यांनी तुमची थट्टा निमूट सोसली. खरं कारण सांगितलं असतं, तर माझी गोष्ट चारचौघांत काढावी लागली असती, म्हणून. आज ती मीच काढली आहे, त्यांना न विचारता. त्या आत्ता माझ्याकडे ज्या नजरेनं बघतायत, त्यावरून घरी गेल्यावर माझं काही खरं नाही!

अप्पासाहेबांचे, शिखाजींचे आणि मंडळाचे मनापासून आभार. मराठीत हिंदी मिसळली असेल, वेळेचं भान सुटलं असेल, तर घरची सून म्हणून सांभाळून घ्या. आणि एक विनंती आहे. आजपासून आईसाहेब वाक्य विसरल्या असं कोणी म्हणू नका. एवढ्या दिव्यांसमोर, एवढ्या लोकांसमोर त्यांनी ते म्हटलं नाही, ते माझ्यासाठी.