हौदातला कंदील का विझला

अक्का, साहेब, आणि हौदावरच्या माझ्या सोबत्यांनो,

इतके सगळे जमलात. मी बोलणार आहे. मधेच कुणी मला खाली बसवू नका.

अक्का, तुमचे यजमान केशवअण्णा आमचे मेस्त्री. आणे जाऊन नवे पैसे आले त्या वर्षी मी या यीस्टच्या कारखान्यात लागलो. पहिल्याच दिवशी अण्णांनी मला हौदाकाठी उभं केलं. म्हणाले, "कँटोन्मेंटातल्या बेकऱ्यांना जातं ते हेच. जिवंत आहे हे. हवा फुंकली की साखर खाऊन भराभर वाढतं. हवा बंद केली तरी मरत नाही. त्याच साखरेतून थोडीशी ताकद काढतं, दारू करतं, वायू सोडतं. तो वायू जड. तळाला बसतो, दिसत नाही."

मी विचारलं, "आपल्याला नाही का जमत, अण्णा?"

हसले. "जिना पळत चढलास की मांड्या भरून येतात ना? तेव्हा अंगही हवेवाचून काम ओढतं. पण क्षणभरच. तू यीस्ट नाहीस रे."

म्हणून आपली रीत. रिकामा हौद धुवायला उतरण्याआधी पेटता कंदील दोराने तळापर्यंत सोडायचा. विझला, तर तळाशी तो वायू आहे, उतरायचं नाही.

अण्णा गेले त्या दिवशी कंदील मी सोडला. तो विझला. ऐकताय ना? विझला. मला वाटलं, रॉकेल संपलं. हलवूनसुद्धा पाहिलं नाही. शिडीने उतरलो आणि तळाशी कोसळलो.

अण्णा मागोमाग उतरले. दोर एकच होता. तो त्यांनी माझ्या काखेतून बांधला. वरच्यांनी मला ओढलं. दोर परत खाली गेला, तेव्हा तो धरायला अण्णा शुद्धीवर नव्हते.

चौकशीत विचारलं, कंदील कुणी सोडला? मी म्हणालो, आठवत नाही. मला आठवत होतं. भीती वाटली, म्हणून खोटं बोललो.

साहेब, फळ्यावर कागद लागलाय, मेस्त्रींनी नियम मोडला. तो कागद आज काढा. नियम मी मोडला. अक्का, अण्णांची चूक नव्हती. माझी होती. माफी कुठल्या तोंडाने मागू?

उद्या तोच हौद धुवायचा आहे. कंदील सोडा. विझला, तर रॉकेल संपलं असेल, असं म्हणून कुणी उतरू नका.

आता अण्णांसाठी दोन मिनिटं गप्प उभे राहू या. उभ्या उभ्या स्वतःचा श्वास ऐका. मी माझा ऐकतो.