न्हाणीतला घास

प्रीती : सकाळचंबी नाही घेतलं आई. मी सिरिंज भरून नेली, तर बाबांनी नाकातल्या नळीचं टोपण मुठीत दाबून धरलं. मी सून, मी का ओढाताण करू सासऱ्यांशी?

अंजनाबाई : दे इकडं. मी पाहते.

प्रीती : काल दुपारपासून तुमीच तर पाहून राहिल्या. घेतलं का?

अंजनाबाई : मंग काय करू वं? हात बांधू त्यायचे?

प्रीती : धंतोलीच्या दवाखान्यात फोन केला होता मी. डॉक्टर म्हणे, आज संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर घेऊन या, भरती करावं लागन. ऑपरेशन होऊन दोन महिने नाही झाले, अंगात काही उरलं नाही. असा माणूस उपाशी कसा राहीन?

अंजनाबाई : मले नको सांगू. त्यायची बनियन मी धुते. अंगावर कशी लोंबते, मले दिसते.

प्रीती : मंग ते म्हणून राहिले ते करून टाका ना. मटणच तर मागून राहिले. स्वतःले नाही, आपल्याले.

अंजनाबाई : नाव नको काढू. ज्या माणसाच्या तोंडात घास जात नाही, त्याच्या नाकाशी रस्सा उकळू? या घरात फोडणी पडत नाही ते कोणासाठी? भूमिकानं मॅगी मागितली तर पोरीले खालच्या घरी पाठवते मी. नात हाये माही, मले बरं वाटते का?

प्रीती : बाबांसाठीच करता, मले समजते. पण त्यांले तेच सहन होत नाही. आपण बेडरूमचं दार लावून खिचडी गिळतो. प्रशिक डबा ऑफिसमधीच संपवतात, संडेले बाहेर जाऊन काहीबाही खाऊन येतात. एका घरातली माणसं, आन् कोणी कोणाले जेवताना पाहत नाही. आई, खरं सांगा. काल दुपारी न्हाणीत काय झालं?

अंजनाबाई : काय होते न्हाणीत?

प्रीती : बाबांनी दार वाजवलं एवढं मी ऐकलं. तेव्हापासून नळीतून घेणं बंद केलं त्यांनी.

अंजनाबाई : भूक लागली होती वं. सकाळपासून काही नव्हतं, डोळ्यापुढं अंधारी आली. हे झोपले असं वाटलं. म्या शिळी पोळी घेतली, वर तिखट-तेल घेतलं, आन् न्हाणीत गेली. नळ सुरू केला. चावताना आवाज येते ना, म्हून. उभ्यानंच खात होती.

प्रीती : आई...

अंजनाबाई : त्यायनं दार वाजवलं. ‘अंजना, बरी हायेस का?’ माह्या तोंडात घास. ओ देता येईना. पुन्हा वाजवलं. त्यायले वाटलं, मी पडली अंदर. जोर लावून ढकललं तं कडी निघाली. म्या पोळी पदराखाली घेतली, चोरावानी. ते पाहत राहिले. बोलले काहीच नाही. नळ बंद केला आन् चालले गेले.

(देवराव दारात येतो. जबडा एका बाजूनं काढलेला, नाकात नळी. शब्द तुटून तुटून येतात.)

देवराव : चोरावानी नाही. भिकाऱ्यावानी. माही बायको.

अंजनाबाई : तुमी काहून उठले? बसा आधी. चक्कर येईन.

देवराव : प्रशिकले पाठवलं. मटण आणाले.

अंजनाबाई : कोणाले इचारून?

देवराव : घर माहंबी हाये.

अंजनाबाई : आणू द्या. मी हात लावणार नाही.

देवराव : नको लावू. इतवारचा रस्सा... मीच करत होतो. तुह्या फक्त रोट्या.

प्रीती : हो ना. मी लग्न होऊन आली तेव्हा मले नवलच वाटलं होतं. आठवडाभर खांबावर चढणारा लाइनमन माणूस, आन् संडेले किचनमधी दुसऱ्या कोणाले एंट्री नाही. शेजारचे विचारत, आज काय शिजून राहिलं तुमच्याकडं.

अंजनाबाई : तव्हा तोंड होतं त्यायले. चाखून पाहायले तोंड होतं. किती वर्षं सांगितलं, तंबाखू सोडा, खर्रा सोडा. ड्युटीवर झोप येते म्हणे. पन्नी खिशात, पन्नी उशाखाली. त्या खर्र्यानं तुमचं तोंड खाल्लं, माहं घर खाल्लं. आन् एवढ्यावर भागलं नाही, तं आता नळीबी बंद करता. सोडून जायचं असन तं सरळ सांगा मले.

देवराव : मी गेल्यावर... जेवशील? भाईर बसून?

अंजनाबाई : असं बोलू नका.

देवराव : सांग ना.

अंजनाबाई : काय सांगू? तुमच्यासमोर घास उचलला की वाटते, तुमच्या वाट्याचं खाऊन राहिली मी.

देवराव : माहा वाटा म्या घालवला. तुहा तं हाये. तू जेव. पोरं जेवू दे. समोर बसून. मंग मी नळी घेतो. तू नाही, तं मी नाही.

अंजनाबाई : ही जबरदस्ती झाली.

देवराव : हो.

प्रीती : दार वाजलं. प्रशिकच असतील. थांबा, येते मी.

अंजनाबाई : पोराले कशाले पाठवलं तुमी? त्याच्या जिवाले काय वाटलं असन?

देवराव : त्याले इचार.

प्रीती : पिशवी माझ्या हातात दिली आन् तसेच गॅलरीत जाऊन उभे राहिले. तिकडं तोंड करून. रडून राहिले वाटते. आई, आता काय करू याचं? फ्रिजमधी ठेवू?

अंजनाबाई : नको ठेवू. खोबरं वरच्या डब्यात हाये.

प्रीती : आन् मिरची?

अंजनाबाई : भिवापूरची होती, बहिणीनं देल्ली ते. थोडीच घे. त्यायले ठसका लागला तं टाके उसवतील. मले भेव वाटते.

देवराव : खिडकी उघड. होते मंग. कांदा आधी. काळा होऊ दे.

प्रीती : झाला बाबा.

देवराव : नाही झाला. वास... अजून गोड हाये.

प्रीती : तुमाले वास येते?

देवराव : एका नाकपुडीनं. दुसरीत नळी.

अंजनाबाई : प्रीती, गॅस बंद कर. त्यायच्या तोंडातून पाणी गळून राहिलं, पाह्य. शर्ट भिजला.

देवराव : बंद नको करू.

अंजनाबाई : त्रास होते तुमाले.

देवराव : होते. गिळता नाही येत, म्हून गळते. रुमाल दे. मी पुसतो. तू कणीक भिजव.

अंजनाबाई : हे पाहण्यापरीस मी मेली असती तं बरं होतं.

देवराव : कणीक, अंजना.

प्रीती : रोट्या भाजायचा मटका दिसत नाही आई. गॅसखाली नाही, माळ्यावर नाही.

अंजनाबाई : माह्या पलंगाखाली हाये. गोणपाटात गुंडाळून ठेवला होता. त्यायच्या नजरेस पडू नये म्हून.

प्रीती : मी आणते. बाबा, तुमी या स्टुलावर बसा ना, भिंतीले टेका.

देवराव : मटण टाक आता. हलवू नको घडीघडी. तेल सुटू दे. ऐकू येते का, आवाज बदलला? आता पाणी. गरम.

प्रीती : टाकलं. मीठ किती बाबा?

देवराव : अंदाजानं टाक. मंग पाहू.

अंजनाबाई : ही फाटली. हातावर लांबतच नाही रोटी. एवढ्या दिवसात हात विसरले माहे.

देवराव : दुसरी घे.

प्रीती : शिजलं बाबा. बोटानं तुटून राहिलं. पण मीठ कोण पाहीन? तुमीच पाहत होते नेहमी.

देवराव : तुही सासू पाहीन.

अंजनाबाई : मी नाही.

देवराव : मंग अळणी वाढ पोरायले.

अंजनाबाई : तुमी माहा जीव घेऊन राहिले.

देवराव : वाटी दे तिले, प्रीती.

प्रीती : घ्या आई. फुंकून घ्या, गरम आहे.

(अंजनाबाई रस्सा चाखते.)

देवराव : सांग.

अंजनाबाई : मीठ कमी हाये. आन्... तिखट बरोबर हाये. खोबऱ्याची चव लागून राहिली.

देवराव : मागून लागते का, तिखट? का समोर?

अंजनाबाई : मागून. गळ्यात.

देवराव : हं. मंग जमलं.

प्रीती : मीठ टाकलं. मी वाढते सगळ्यांले. हॉलमधीच चटई टाकली. भूमिका बसली, प्रशिकलेबी हात धरून बसवलं. बाबा, तुमची खुर्ची मध्यात ठेवू का?

देवराव : खुर्ची नको. खाली बसतो.

अंजनाबाई : खाली बसले तं उठवन कोण?

देवराव : पोरगा हाये ना.

प्रीती : आई, तुमचं ताट. सुरू करा. प्रशिक तुमच्याकडं पाहून राहिले. तुमी घास घेतला तर तेबी घेतील.

अंजनाबाई : नाही उतरत वं. खरंच नाही उतरत. म्या चाखलं, पुष्कळ झालं. अवो, ऐका ना, एवढ्यावर माना. घ्या नळी.

देवराव : जेवण म्हणलं होतं.

अंजनाबाई : मंग माहंबी एक ऐका. तुमी उपाशी बसून माह्या तोंडाकडं पाहान, आन् मी खाईन, हे होणार नाही. संगच घ्या. पंगतीतच. आता. तुमी नाही, तं मीबी नाही.

प्रीती : भरू का बाबा? कोमट करून ठेवलं आहे.

देवराव : भर.

प्रीती : टोपण सोडा हातातलं. हां. मी धरते सिरिंज, आई, तुमी जेवा.

अंजनाबाई : नको. मी धरते. डाव्या हातानं धरते.

प्रीती : उंच धरा मंग. दट्ट्या नाही लावला, आपोआपच उतरते ते. हात खाली आला की वापस वर येते.

अंजनाबाई : असं?

प्रीती : अजून थोडं वर. बस. उतरून राहिलं, पाहा.

देवराव : आता घे घास.

अंजनाबाई : रोटी तुटत नाही एका हातानं.

प्रीती : मी तोडून देते. रस्स्यात बुडवून ठेवते ताटात. घ्या.

देवराव : प्रशिक जेवून राहिला. पाह्य.

अंजनाबाई : पाहते.

देवराव : तू?

अंजनाबाई : घेतला एक. थांबा जरा. हात भरून आला माहा. दुखून राहिला.

देवराव : दुखू दे. खाली नको आणू. जेव.