राखाडीतला निळा

हॅलो?… हो, रचनाकाकूच बोलतेय. बोल खुशी… छे गं, बिझी कसली… मिस्ड कॉल? हो, पाहिले… फोन आत चार्जिंगला होता. विरारला मावशीकडेच आहेस ना अजून?… बरं.

उद्या? कोण, तुमच्या कॉलेजच्या मॅडम?… तू रंगवलेली भिंत बघायला? आपल्या लॉबीतली?… हो, हो… आनंदच आहे गं… ठीक आहे भिंत. भिंतीला काय होणार… आवाज? सर्दी झालीय जरा…

खुशी… अगं ऐक ना. ऐक ना आधी. मॅडमना उद्या आणू नकोस… नाही, ओल नाही आली… वॉचमनने काही नाही केलं… अगं, रंग लावलाय वरून. क्रीम… अर्ध्या भिंतीला… सोसायटीने ठरवलं म्हणजे… नाही, मीटिंग नाही झाली. मीच सांगितलं विकी पेंटरला. सेक्रेटरी ना मी, कोणाला विचारलंच नाही… हो, तुला परवानगीही मीच दिली होती.

का म्हणून काय सांगू… रविवारी आमच्या हर्षवर्धनच्या सासरची माणसं येतायत पहिल्यांदा. म्हटलं, आत पाऊल टाकताच ते त्रिकोण आणि पट्टे… मी ऑफिसातून येते तेव्हा ट्यूबलाइटखाली सगळं मळकट दिसायचं गं. वाटायचं, पोरीने उरलेसुरले रंग फासलेत… हो, म्हणाले मी असं. तुझ्या आईलाही म्हणाले.

आज रजा घेतली, विकीवर लक्ष ठेवायला. आणि दुपारी ऊन कललं, जाळीतून आत आलं… हो, जिन्याच्या बाजूनेच… तुला माहीतच असणार म्हणा, तिथेच बसायचीस कागद घेऊन… खुशी, ते नारिंगी त्रिकोण भिंतीतून सुटून पुढे आले गं! मी हात लावून बघितला, भिंत सपाटच. आणि मधले पट्टे असे निळे, असे निळे… काय? निळा लावलाच नाहीस?… नुसता राखाडी?… नारिंगीच्या शेजारी आहे म्हणून निळा दिसतो?… आणि मी त्यालाच मळकट म्हणायचे.

ओरडले, थांब थांब म्हणून. विकी शिडीवरून पडायचाच बाकी होता… क्रीम ओला होता अजून, ओढणीने पुसायला गेले. तर खालचा नारिंगीही आला ओढणीला… हो. तेही मीच केलं.

डावी बाजू आहे अजून, लेटरबॉक्सच्या वरची… नाही, हात लावू देणार नाही कोणाला… तू आण मॅडमना. आणच. मी खाली उभी राहते, मी सांगते त्यांना काय केलं ते… का नको?… बरं. बरं, तू म्हणशील तसं.

रडतेयस का गं?… काय?… थँक्यू? कशाबद्दल?… उन्हात बघितलं म्हणून?… अजून कोणीच नव्हतं बघितलं?… अगं, नको ना असं बोलूस. चिडायचं तर चीड माझ्यावर, काय हवं ते बोल, पण हे… खुशी?… हॅलो?