खुब्यासाठी तळलेले मासे

...नाही, पण मला एक सांगा, मदत मिळण्यासाठी माणसाने नेमकं किती गरीब असायचं? कारण आम्ही, तुम्हाला सांगतो, जरा जास्तच गरीब निघालो. झालं काय, आमच्या ओलेटाचा, म्हणजे बायकोचा, उजवा खुबा गेला. कुत्र्याने चघळलेल्या हाडासारखा झालाय, असं डॉक्टर म्हणाला. म्हणजे तो "झीज" म्हणाला, कुत्रा माझा. तर खुबा बदलायचा, आणि विमा नाही. पासष्टी गाठली की सरकारच सगळं बघतं, पण ओलेटा बासष्टची, म्हणजे तोवर हिने जिना दिसला की डोळे मिटायचे. शस्त्रक्रियेचा खर्च विचारला, तर त्यात आमचं घर, गाडी आणि मी, तिघेही जातो. मग कळलं की स्वस्त विमा म्हणून एक आहे, हप्त्याला सरकार हातभार लावतं, म्हणून मी फोन लावला. फोनवरची पोरगी गोड. "साहेब, ह्या मदतीसाठी तुमची कमाई फारच कमी आहे." म्हटलं, बरं बाई, मग गरिबांचा सरकारी विमा दे. "तो आपल्या राज्यात तुमच्यासारख्यांना नाही ना साहेब. घरात लहान मूल आहे का? नाही? मग... बाई गरोदर आहेत का?" मी फोनवर हात ठेवून विचारलं, ओलेटा, गरोदर आहेस का गं? आतून आवाज आला, "तिला म्हणावं, खुबा धड असता तर विचार केला असता." पोरगी हसली नाही. म्हणाली, तुमच्यासाठी प्रार्थना करीन हं.

प्रार्थनेला माझी ना नाही. पण नदीपलीकडे दुसरं राज्य लागतं, तिथे माझा साडू राहतो, माझ्याहून आळशी, माझ्याहून फाटका. तिथल्या सरकारने हाच गरिबांचा विमा वाढवून सगळ्यांना लागू केला. साडूचा गुडघा नवा झाला, आणि आता तो मेला मुद्दाम माझ्यासमोर उकिडवा बसतो. आमच्याकडे दरवर्षी तेच विधेयक येतं, आणि दरवर्षी आमचा आमदार क्ले पर्विस हात वर करून "नाही" म्हणतो. हा क्ले माझ्या वर्गातला. शाळेत मी त्याच्या डब्यात बेडूक ठेवला होता, तेव्हापासून कशातही हात घालायचा म्हटलं की तो बिचकतो.

बरं, गावाचं म्हणाल तर गाव सोन्यासारखं. आमच्याकडे कुणी अंथरूण धरलं की जेवण ठेवतात. आगीचा बंब शेडबाहेर काढायचा, आत टेबलं मांडायची, मासे मक्याच्या पिठात घोळवून तळायचे, तिकीट काढून गावाने जेवायचं, आणि पैसा दुखणेकऱ्याला. कर्करोगाला जेवण, हृदयाला जेवण... डब साइक्सच्या मूतखड्याला तर मी दोनदा जेवलोय. गावातली निरोगी माणसं एवढी सुटलीत कशाने, असं तुम्हाला वाटतं?

तर ओलेटाच्या खुब्याचं जेवण ठरलं. आणि आला की हो क्ले! बाह्या सारल्या, एप्रन बांधला, कढईशी उभा राहून मासे तळले, तीनदा वाढून घेतले, ओलेटाला मिठी मारली आणि डोळे पुसले. खरं पाणी होतं, मी जवळून बघितलं. शेवटी केकचा लिलाव असतो, तो नेहमी मीच करतो. चार केक गेले, आणि माझ्या अंगात आलं. म्हटलं, मंडळी, आता खास माल, आमदार साहेबांचं मत! मंगळवारी विधेयक येतंय, मत वर्षानुवर्षं वापरलेलं, पण एकाच बाजूने. हॅटी मावशी ओरडली, "लोणच्याच्या दोन बरण्या!" डब म्हणाला, "माझा कुत्रा घ्या, तो तरी सांगितलेलं ऐकतो." क्ले सगळ्यांत मोठ्याने हसत होता.

तेवढ्यात ओलेटा टेबल धरून उभी राहिली. "क्ले, मंगळवारी हो म्हणशील का रे?"

नुसती कढई चरचरतेय.

"वहिनी," क्ले म्हणाला, "सरकारला एकदा घरात घेतलं ना, की ते उठत नाही हो. पण घरी तुमच्यासाठी रोज प्रार्थना चालू आहे."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तळणाच्या तेलाने माखलेल्या हातांनी. त्या शेडमधल्या अर्ध्यांना विमा नाही, बरं का. ओलेटाला खाली बसवायला दोन माणसं लागतात, त्यातला एक क्ले होता.

मंगळवारी त्याने "नाही" म्हटलं. विधेयक पडलं. जेवणाच्या पैशात खुब्याचे फक्त एक्स-रे फोटो निघाले, छान आलेत, चर्चच्या पास्टरलाही दाखवले. पास्टर म्हणाला, प्रार्थना चालू आहे.

मग आली निवडणूक. क्लेच्या समोर एक मास्तर उभा होता, एकच धोशा, मला निवडा, विमा देतो. मी ओलेटाला धरून धरून मत द्यायला नेलं, धरून धरून बाहेर आणलं. गाडीत विचारलं, कुणाला दिलंस?

"क्लेला."

"अगं, मास्तराने तुला खुबा दिला असता!"

"असता. पण माझ्या जेवणाला आला का तो? ज्याला बंबाच्या शेडपर्यंत येववत नाही, तो राजधानीत जाऊन माझ्यासाठी भांडणार?"

मी गाडी सुरू केली. क्ले निवडून आला, भरघोस मतांनी. वसंतात ओलेटाचं दुसरं जेवण ठेवलंय, सगळे मासे क्लेच्या तळ्यातले, फुकट. ओलेटाने त्याला फोन करून बजावलंय, "नुसते आणून टाकू नकोस रे बाबा, साफ करून आण. मला आता ओट्याशी फार वेळ उभं राहवत नाही."