साखळीचं पोस्टर

डिझायनर : नाही पण ताई, साखळी बघा ना. एकेक कडी हातानं काढलीय. गंज तर इतका खरा की आमची आई पोस्टर पुसायला निघाली होती.

ताई : गंज छानच आहे. पण आम्हाला साखळी नव्हती.

डिझायनर : ते प्रतीक आहे हो! 'फसवून कामाला नेणाऱ्यांपासून सावध' हे लोकांना एका नजरेत कळायला नको?

ताई : तुम्ही दोन तास माझं लिहून घेतलंत. परदेशात तीन वर्षं शिलाई मशीनवर बसले, त्यात साखळी कुठे बोलले? पासपोर्ट मालकाच्या कपाटात. 'हरवायला नको' म्हणून. फार काळजी त्याला आमची! वाढदिवसाला केकसुद्धा कापायचा.

डिझायनर : आता पोस्टरवर केक काढला तर लोक हसतील.

ताई : आम्हीही हसत होतो. फोटोपुरतं. तोच फोटो दाखवून एजंट पुढच्या मुली आणायचा.

डिझायनर : बरं, पण पहिलं बक्षीस मिळालंय याला. परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

ताई : त्यांना कुठे जायचंय शिवायला? जायचं होतं माझ्या धाकट्या बहिणीला. त्याच एजंटाबरोबर. माझं ऐकेना, म्हणून परवा तुमचं पोस्टर दाखवलं.

डिझायनर : मग? पटलं?

ताई : पटलं ना. नीट निरखून बघितलं. म्हणाली, "अगं बाई, तुला असं ठेवलं होतं होय! मला एजंटानं खोलीचा फोटो दाखवलाय. पंखा आहे, पडदे आहेत, साखळी कुठेच नाही. तुझं नशीबच फुटकं."

डिझायनर : पण गंज? गंज नाही बघितला तिनं?

ताई : गंज बघून तर तिची खात्रीच पटली.

डिझायनर : बदलतो. आत्ता बदलतो. पंखा काढतो, पडदे काढतो, कपाट... आणि तिला म्हणावं, खाली मदतीचा नंबर आहे, तो—

ताई : तो मुंगीएवढा नंबर ना? चष्म्यावर चष्मा लावून वाचला मी. आज सकाळी दोनदा फोन लावला. कार्यालयीन वेळेत फोन करा म्हणाले.

डिझायनर : सकाळी का? तिची गाडी कधीची आहे?

ताई : सहाची होती.

डिझायनर : म्हणजे... गेली?

ताई : गेली. पोस्टरही घेऊन गेली.

डिझायनर : पोस्टर कशाला?

ताई : कागद चांगला जाड आहे म्हणाली. पासपोर्ट चुरगळू नये म्हणून त्यात गुंडाळला, आणि दिला एजंटाकडे सांभाळायला.